आरशात बघून बोला

माझे मामा केस कापतात. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं सलून आहे. खुर्च्या दोन: खिडकीजवळची मामांची, आतली धाकट्या मामांची. पुढच्या भिंतीला आरसा, मागच्या भिंतीलाही आरसा, म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतःची मान मागून दिसावी. मामांचा हात चांगला होताच, पण लोक यायचे ते त्यांच्या गप्पांसाठी. शांत बसलेल्या माणसाची दाढी नीट होत नाही, असं ते म्हणायचे.

पन्नाशीच्या अलीकडे मामांना एक ताप आला. साधा वाटला, पण डोक्यात चढला. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या सकाळी ते पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "पंखा दुरुस्त केलात वाटतं. आवाज बंद झाला त्याचा."

मामी काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. मामांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं, मग मामीकडे, आणि हातातला पेला मुद्दाम फरशीवर टाकला. पेला गडगडत पलंगाखाली गेला. मामी दचकली. मामीची आई त्यांच्याकडेच राहायची, ती धावत दारात आली. मामा मात्र पेल्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी तपासलं. कानाची नस गेली होती. कानात यंत्र घालून पाहिलं तर नुसती खरखर. ऑपरेशन करून गुण येईल याची खात्री डॉक्टर देईनात. मामी रडली. मामा रडले नाहीत. पंधरवड्यात अंगात जोर आला तसे उठून दुकानात गेले.

तिथे त्यांनी बहुतेक सगळे करतात तेच केलं. समजत नव्हतं तरी मान हलवायला लागले. गिऱ्हाईक काही बोललं की "हो हो." हसलं की आपणही हसायचं. कोणी कपाळाला आठ्या घातल्या की आपणही घालायच्या. थोडे दिवस निभावलं. मग औषधाच्या दुकानाचे मालक दाढीला आले. त्यांची मिशी गावाला ठाऊक होती. खुर्चीत बसताना ते म्हणाले, "मिशी तेवढी राहू द्या." मामा म्हणाले, "हो हो," आणि एका बाजूने वस्तरा फिरवला.

अर्धी मिशी गेल्यावर उरलेली अर्धी ठेवून कोण काय करणार? मालक उरलेलीही काढवून घेऊन गेले आणि परत कधी आले नाहीत.

त्या दिवशी धाकट्या मामांनी जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहिलं: दादा, तू आता आराम कर. मामांनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: आराम तू कर. पण दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर खिडकीच्या खुर्चीमागे एक नवा कारागीर उभा होता. धाकट्या मामांनी गल्ल्याजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. मामा त्या स्टुलावर बसले नाहीत. आपली कात्री, कंगवा आणि वस्तरा उचलून घरी आले.

मामी मला नंतर सांगायची, "मला वाटलं आता हा माणूस खचला. जेवायला बसला तर ताटावर असा तुटून पडला की मला भीतीच वाटली. म्हटलं, याच्या मनात काहीतरी शिजतंय."

शिजत होतं ते असं. डॉक्टरांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली होती: ओठ वाचायला शिकणारे शिकतात, पण या वयात अवघड आहे. मामीने ते कागदावर लिहून दिलं तेव्हा मामांनी पहिला अर्धा भाग वाचला आणि कागदाची घडी घातली.

कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एका बाईंना ते भेटले. बाई उतारवयाच्या आणि फटकळ. त्यांनी मामांना समोर बसवलं आणि आवाज न काढता तीन शब्द म्हटले. मामांनी मान हलवली. बाईंनी फळ्यावर लिहिलं: काय म्हटलं मी? मामांना सांगता येईना. बाईंनी खाली लिहिलं: बाप, माप, पाप. मग पुन्हा तिन्ही म्हणून दाखवले. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटले आणि सारखेच उघडले.

"मग ओळखायचं कसं?" मामांनी विचारलं. त्यांना स्वतःचा आवाज कळत नव्हता, त्यामुळे ते जवळजवळ ओरडले.

बाईंनी लिहिलं: ओठांवर अर्धंच दिसतं. उरलेलं डोक्यातून आणायचं. आणि पुन्हा कधी खोटी मान हलवली तर माझ्याकडे येऊ नका.

मामांना राग आला. बाईंचा नाही, त्या अर्ध्याचा. घरी येऊन त्यांनी टीव्हीसमोर ठिय्या दिला. बातम्या लावायच्या आणि संध्याकाळभर बातम्या देणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. डोळे लाल व्हायचे, डोकं ठणकायचं, आणि हाती काहीच नाही. धाकटे मामा एकदा भेटायला आले, हे दृश्य बघून मामीला म्हणाले, "वहिनी, याला कोणीतरी आवरा. पालथ्या घड्यावर पाणी चाललंय." मामांना ते कळलं नाही. पण भाऊ कोणत्या चेहऱ्याने बोलतोय ते कळलं, आणि ते जास्तच हट्टाला पेटले.

हट्ट चुकीच्या जागी लावला होता, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. मामा सांगतात की ते एका सकाळी स्वतःची दाढी करताना सुचलं. वस्तरा ते आपल्या वडिलांकडून शिकले. वडिलांनी त्यांना पहिल्या दिवशी कोणाची पूर्ण दाढी दिली नव्हती. फुगवलेल्या फुग्यावर साबण लावून फक्त वरून खाली एक फटकारा मारायला सांगितला होता. फुगा फुटेनासा झाला तेव्हा उलटा फटकारा. हनुवटी तर कितीतरी पुढची गोष्ट. "आणि मी मूर्ख," मामा म्हणाले, "एकदम अख्ख्या जगाच्या हनुवटीला हात घातला होता."

टीव्ही बंद झाला. मामांनी विचार केला की मला बातम्या वाचायच्या नाहीत, मला माझ्या खुर्चीवर परत जायचंय. मग खुर्चीत बसलेला माणूस बोलतो तरी काय? बारीक. मध्यम. कल्ले ठेवा. मशीन नको, कात्री लावा. मागून कमी, वरून राहू द्या. फार तर हवा, तब्येत, मुलांचं शिक्षण. हे समजायला शब्दकोश लागत नाही. मामांनी तेवढेच शब्द धरले, आणि तेही एका सकाळी चारपाच. मामी चहा झाला की त्यांच्या मागे उभी राहायची आणि आरशात बघून बोलायची. आरशात का, तर खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचं तोंड आरशातच दिसतं. जिथे वापरायचं तिथेच शिकायचं.

एक नियम मामांनी स्वतःला घातला. मामी बोलली की आधी आपण काय वाचलं ते मोठ्याने सांगायचं, कितीही वेडगळ असलं तरी. मगच तिने खरं काय ते दाखवायचं. आधी उत्तर बघितलं की सगळं सोपं वाटतं, ते म्हणायचे. तोंडघशी पडल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

ते तोंडघशी भरपूर पडले. एकदा मामी कळवळून म्हणाली, "पोट दुखतंय." मामांनी तिचे दोन्ही हात धरले आणि एकेक बोट तपासायला लागले. मामीला दुखण्यातही हसू आवरेना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मुद्दाम तेच काढलं. पोट, बोट, मोठं. आदल्या दिवशी जे चुकलं ते दुसऱ्या दिवशी पहिलं. येतं ते घोकण्यात मजा वाटते, म्हणून ते शेवटी. आणि डोळे चुरचुरायला लागायच्या आत थांबायचं. "अजून थोडं" म्हणण्याचा मोह ते कठोरपणे आवरायचे. संध्याकाळी भाजी निवडताना पुन्हा थोडं, की झालं.

काही आठवड्यांनी मामी जे म्हणेल ते मामा वाचायला लागले. मामी आनंदली. मामांनी मात्र शेजाऱ्याला बोलावून समोर बसवलं आणि त्याला काहीतरी बोलायला सांगितलं. एक अक्षर कळलं नाही.

"म्हणजे मी बोलणं नाही शिकलो," मामा म्हणाले. "मी फक्त तुला शिकलो. ते तर लग्नापासून करतोय."

तेव्हापासून दारात येईल तो माणूस कामाला लागला. दूधवाला, पोस्टमन, मी. सगळ्यांत अवघड होती मामीची आई. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. बोलताना तिचे ओठ आत वळायचे आणि हनुवटी नाकाला भेटायला जायची. शिवाय ती बोलायची भरपूर. मामांनी तिलाच धरलं.

"जावईबापू, माझ्या तोंडात बघण्यासारखं काय उरलंय?" ती म्हणाली. मामीने तेच मामांकडे बघून परत म्हटलं.

मामा म्हणाले, "आई, तुम्ही बोलत राहा. तुमचं वाचता आलं की बाकीचं जग मोठ्या अक्षरात आहे."

म्हातारीला आयुष्यात प्रथमच कोणीतरी लक्ष देऊन ऐकणारं मिळालं होतं. ती सुटलीच.

मामा दुकानात परतले त्या दिवशी मी तिथे होते. नवा कारागीर खिडकीच्या खुर्चीशी टॉवेल झटकत होता. मामांनी आपली कात्री आरशासमोर ठेवली आणि म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. पण ही माझी जागा आहे." कारागिराने धाकट्या मामांकडे पाहिलं. धाकट्या मामांनी खांदे उडवले. कारागीर बाजूला झाला. मग मामांनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला आणि आरशावर चिकटवला. त्यावर लिहिलं होतं: मला ऐकू येत नाही. आरशात बघून बोला. साबण लागल्यावर बोलू नका.

धाकट्या मामांनी दुपारी तो पुठ्ठा काढून टाकला. ते मामांसमोर उभे राहून सावकाश म्हणाले, "दादा, गिऱ्हाईक पळेल. अशा गोष्टींची जाहिरात करतात का?"

"माझे कान गेलेत, अब्रू नाही गेली. यात लाजण्यासारखं काय आहे?" मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला आणलं आणि तीच वाक्यं तैलरंगात थेट आरशावर लिहून घेतली. "आता काढ," ते भावाला म्हणाले. "आरसा फोडावा लागेल."

काही गिऱ्हाइकं खरंच पळाली. पाटी वाचून आतल्या खुर्चीसाठी रांगेत थांबायची. काही दयेपोटी बसायची आणि लहान मुलाशी बोलावं तसं तोंड वेडंवाकडं करून बोलायची. त्यांचं तर अजिबात कळायचं नाही. मामा स्पष्ट सांगायचे, "नेहमीसारखं बोला. मी बहिरा आहे, बाळ नाही." आणि कळलं नाही की, "कळलं नाही. परत सांगा." सुरुवातीला हे वाक्य म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. खोटी मान हलवणं किती सोपं होतं. पण ते म्हणायचे, त्या मानेने मी एकदा माणसाची मिशी घालवली, आता आणखी काही घालवायचं नाही.

एक बांधकामाचा ठेकेदार होता, आडदांड, चेष्टेखोर. तो मित्रांना घेऊन आला, खिडकीच्या खुर्चीत बसला आणि आरशात बघून आवाज न काढता काहीतरी बोलला. मित्र खिदळले. मामांनी त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, टोक खोचलं आणि म्हणाले, "शेवटचा शब्द एक तर बाकडं होता, नाहीतर माकड. ओठ दोन्हीला सारखेच हलतात. मी बाकडं तर दिसत नाही. म्हणजे माकडच म्हणालात." कात्री हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कल्ले ठेवायचे की काढायचे?"

ठेकेदाराने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या कात्रीकडे. "ठेवायचे," तो म्हणाला. अगदी स्पष्ट.

पुढे तो नेहमीचा झाला. बोलण्यात बदल झाला असं नाही, पण इतरांना दरडावायचा, "ए, आरशात बघून बोल रे."

धाकट्या मामांचा जीव मात्र शांत होत नव्हता. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना भीती वाटायची: दुकानाची, लोकांच्या हसण्याची, आणि मला वाटतं, भावाच्या त्या नव्या हट्टी चेहऱ्याचीही. एका दुपारी दुकान रिकामं होतं. मामा खिडकीच्या खुर्चीशी कंगवे पुसत होते. धाकटे मामा त्यांच्याकडे पाठ करून नव्या कारागिराशी बोलायला लागले. पाठ केली की बहिऱ्यापासून सगळं लपतं, हा त्यांचा हिशोब. पण त्यांचं तोंड मागच्या आरशाकडे होतं, आणि मागचा आरसा पुढच्या आरशात दिसत होता.

मामांना सगळं वाचता आलं नाही. 'महिनाअखेर' आलं. 'घरी बसवतो' आलं. 'खिडकीची खुर्ची तुझी' आलं. आणि 'हसं.'

त्यांनी कंगवा खाली ठेवला. "महिनाअखेर कशाला?" ते म्हणाले. "आत्ता बोल. इकडे तोंड करून बोल."

धाकटे मामा वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग लाल झाला. ते भडाभडा बोलायला लागले, हातवारे करत, भराभर.

"नाही कळलं," मामा म्हणाले. "परत सांग."

धाकट्या मामांनी परत सांगितलं. पण रागाने बोललेलं वाक्य दुसऱ्यांदा बोलायला जड जातं. त्यातले अर्धे शब्द गळाले.

"नाही कळलं. परत."

तिसऱ्यांदा धाकटे मामा एवढंच म्हणाले, "लोक हसतात रे दादा. मला बघवत नाही."

"हे कळलं," मामा म्हणाले. "हसू देत. हसताना तोंड उघडतात, मला ओठ चांगले दिसतात. पण तू पाठ करू नकोस. बाकी कोणीही करो. तू केलीस तर मी कोणाचं वाचू?"

धाकटे मामा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. कारागीर जमीन झाडत राहिला, जिथे केस नव्हते तिथेही.

त्यानंतर भावाभावांनी मिठ्या मारल्या असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. धाकट्या मामांनी अबोला धरला. मामा म्हणायचे, बहिऱ्याशी अबोला धरणारा हा पहिलाच शहाणा. पण घरी ते मामीला रोज विचारायचे, "आज काही बोलला का तुझ्याशी?" पुढे दोघांनी मिळून एक तिसरी खुर्ची घेतली. ती नव्या कारागिराला दिली. खिडकीची हलली नाही. धाकटे मामा आता बोलतात, आणि बोलताना भावाच्या खांद्याला आधी हात लावतात, म्हणजे तो बघेल.

मामांना सगळं येतं असं नाही. दाट मिशीवाले अजून त्यांना चकवतात. चारजण एकदम बोलायला लागले की ते हात वर करतात आणि म्हणतात, "एकेक जण, नाहीतर मी घरी चाललो." अंधारात त्यांच्याशी बोलता येत नाही. रेडिओवरची गाणी गेली ती गेलीच. त्याबद्दल ते कोणाशी बोलत नाहीत, आणि कोणी समजूत घालायला गेलं तर उठून जातात.

गेल्या वर्षी त्यांनी नवंच काढलं. बायकांचे केस कापायला शिकायचं. बाजारात नोकरी करणाऱ्या मुली येता-जाता विचारायच्या, त्यांना परत का पाठवायचं? या वेळी मामी आणि धाकटे मामा, ज्यांचं एरवी एकमत होत नाही, एकमताने म्हणाले, "या वयात?"

मामा म्हणाले, "मला वय कापायचं नाही. केस कापायचे आहेत."

पूर्ण डोकं त्यांनी अजून कोणाचं घेतलेलं नाही. आधी फक्त कपाळावरची झुलपं, आणि तीही एकाच पद्धतीची. त्यासाठी कोणीतरी हवं होतं, आणि भाची कशासाठी असते? पहिल्या वेळी डावीकडची बाजू भुवईच्या वर गेली आणि उजवीकडची डोळ्यात. मी आरशात बघून म्हटलं, "मामा, तिरकं झालंय."

"दिसतंय मला," ते म्हणाले. "केस वाढले की पुढच्या महिन्यात ये. डावीकडची जास्त चुकली, डावीकडूनच सुरू करू."